निलेशची लाल हळद

आमच्या निलेशची हळद लाल झाली, त्याला जबाबदार रसायनशास्त्र आहे. मी नाही. मी फक्त ते शिकत होते.

आता चाळिशी उलटल्यावर बाई रसायनशास्त्र कशाला शिकते, असं तुम्ही विचाराल. (आमच्या गावात सगळ्यांनी विचारलं. काहींनी दोनदा.) तर झालं असं, की माझी लेक तनू दहावीत गेली आणि एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत असताना म्हणाली, "आई, संयुजा म्हणजे काय गं?" मी तोंड उघडायच्या आत आमचे हे खाटेवरून खो खो हसले.

"तिला काय इचारतेस? तिची गाडी नववीलाच पंक्चर झाली!"

हे टेंपो चालवतात, त्यामुळे यांचे सगळे विनोद चाकांवरच असतात. पण हा मला झोंबला. दुसऱ्या दिवशी मी तडक कर्जतला गेले आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आले. लोक आवडीनं शिकतात, गरजेनं शिकतात. मी रागानं शिकले. आणि मनात एकच इच्छा धरली. या घरातल्या कुणीतरी एकदा, एकदाच, चारचौघांत म्हणावं की संगीला रसायनशास्त्र येतं. बाकी मला काही नको होतं.

बाकीचे विषय मी वाचून काढले, पण रसायनशास्त्राचं मला वेडच लागलं. म्हणजे बघा, आपण जन्मभर आमसूल टाकतो, सोडा टाकतो, पापडखार टाकतो, आणि कुणी सांगतच नाही की यातलं एक आम्ल आहे आणि बाकीची आम्लारी! पुस्तकात लिहिलं होतं की हळद ही दर्शक आहे. ती आम्लात पिवळीच राहते, पण आम्लारीत गेली की लाल होते. झालं! मी जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पट्ट्या केल्या, हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्या आणि घरभर जे सापडेल त्यात बुडवत सुटले. साबणाचं पाणी, लाल. यांचा दाढीचा फेस, लाल. मग मी थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात शिरले. आमची आणि नंदावैनींची चूल वेगळी असली तरी अंगण एक, देवघर एक, आणि तोंडंही एकमेकींच्या घरात.

"संगे, माज्या आमटीत कागूद बुडवलास तर हात मोडीन!"

"वैनी, आम्ल हाय का बघते नुसती."

"आंबट हाय का ते जिभेला कळतं गं! त्याला कागूद कशाला पायजे?"

अशा घरात विज्ञान वाढवायचं म्हणजे खडकावर भात लावायचा!

तेवढ्यात नंदावैनींच्या निलेशचं लग्न ठरलं. मुलगी रेश्मा, खालापूरजवळची, तिकडेच एका कंपनीत कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, दोन्हीकडचे आईबाप राजी होते. अडून बसली होती ती रेश्माची आजी. "पोरगा बरा हाय, पन घराण्यात काय दम दिसत नाय," असं ती सुपारी फोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती. नंदावैनींच्या ते काळजाला लागलं होतं. "संगे, माज्या निल्याच्या हळदीत यवडंसं जरी उणं पडलं ना, तर ती म्हातारी जन्मभर आयकवील," असं त्या रोज मला सांगायच्या. आणि आमच्याकडं हळद म्हणजे लग्नाहून मोठी! नवऱ्याची हळद लागते, मग त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, नवरीच्या घरी जाते. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. ती आजी तिकडे पाटाशेजारी घड्याळ घेऊन बसणार, हे आम्हाला माहीत होतं.

नशीब बघा माझं, हळद शनिवारी, लग्न रविवारी आणि सोमवारी माझी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा! परीक्षेत चुन्याची निवळी येणार असं तनूच्या बाईंनी सांगितलं होतं. निवळी म्हणजे काही नाही, चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. त्यात नळीनं फुंकलं की ते दुधासारखं होतं. मी पानाच्या डबीतला सगळा चुना संपवून निवळी केली, विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि फुंकून फुंकून सराव केला. गाळून घ्यायचं मात्र राहून गेलं, त्यामुळे खाली थोडा चुना बसलेला होता.

पण घरात लग्नाचे पाहुणे! पाहुण्यांना बाटली दिसली की ते तोंडाला लावतात. म्हणून मी निवळी अशा जागी ठेवली जिथं कुणी पाहुणा हात घालणार नाही. देवघरात!

त्याच देवघरात, त्याच फळीवर, तशाच बाटलीत नदीचं पाणी होतं. शुक्रवारी सवाष्णी वाजतगाजत उल्हास नदीवर जाऊन हळद कालवायला पाणी घेऊन आल्या होत्या. कलश दुसऱ्या पूजेला लागला म्हणून नंदावैनींनी ते बाटलीत ओतलं आणि मला बजावलं, "संगे, या पान्याला काय तरी खूण कर गं, मंग घोळ नको." मी म्हटलं, करते. आणि मी खूण केलीही. प्रयोगशाळेचा पहिला नियम असा की प्रत्येक रसायनाला नाव हवं. मी पांढरा कागद कापला, त्यावर इंग्रजीत सी-ए, कंसात ओ-एच, कंसाबाहेर खाली बारीक दोन, असं सुबक अक्षरात सूत्र लिहिलं आणि डकवलं. माझ्या बाटलीवर. नदीच्या पाण्याचं मी विसरूनच गेले.

शनिवारी दुपारी मांडव भरला. आमच्याकडं हळदीला भटजी नसतो, धवलारीण असते. ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि ती सांगेल तसं सगळं चालतं. आमची धवलारीण भागाबाई. वय विचारायची कुणाची छाती नाही, आवाज असा की लाऊडस्पीकरवाला स्वतःहून स्पीकर बंद करतो. पाटावर निलेश बसला, सकाळीच गुळगुळीत दाढी करून. समोर परातीत हळद, पाच सवाष्णींनी गाणी म्हणत जात्यावर दळलेली. ती काही दुकानातली पुडी नव्हे की गेली तर दुसरी फोडली!

"पानी आना," भागाबाई म्हणाली.

नंदावैनी देवघरात गेल्या. तिथं दोन बाटल्या. एक बोडकी, एकीवर खूण. त्यांनी अर्थातच खुणेची उचलली. (नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं, संगी शिकतेय ना, पान्याला पन इंग्लिश लिवलं आसंल!") भागाबाईनं बाटली चांगली खळखळ हलवली, त्यामुळं खालचा चुनाही वर आला, आणि गाणं म्हणत म्हणत तिनं ती परातीत रिकामी केली. हात घालून कालवायला लागली.

आणि हळद लाल झाली.

म्हणजे थोडीथोडकी नाही, लालभडक! भागाबाईचं गाणं अर्ध्यावर तुटलं. तिचे हात कोपरापर्यंत लाल. मांडवात कुणीतरी किंचाळलं, "रगात! रगात!" नंदावैनींनी कपाळावर हात मारला. निलेशनं पाटावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी गोठ्यातला बैल सुटला की पाहायचा.

"काकू, ह्ये काय झालं गं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला ना वैनी दिसल्या, ना निलेश, ना मांडव. मला पुस्तकाचं पान दिसलं. इतके महिने जे पाठ केलं ते परातभर डोळ्यासमोर घडत होतं! आनंदानं माझ्या अंगावर काटा आला, मी हात वर केले आणि गळा काढून ओरडले, "आम्लारीऽऽऽ!"

मांडवातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आम्लारी कुठून आली. अंग थरथरायला लागलं. आता मला सांगा, बाई हात वर करून कुणाला न समजणारं काहीतरी ओरडली आणि थरथरायला लागली, तर आमच्या गावात त्याचा अर्थ काय होतो?

"अंगात आलं!" भागाबाई म्हणाली. "संगीच्या अंगात आलं!"

"नाय, नाय, आवो ऐका माजं..."

"पाट आना! कुकू आना! केस सोडा गं तिचे!"

माझं ऐकतं कोण! मला धरून पाटावर बसवलं, अंबाडा सोडला, कपाळ कुंकवानं भरलं. नंदावैनी माझ्या पायावर पडल्या. ज्या बाईनं मला आमटीपासून हाकललं, ती बाई हो! रडत रडत म्हणाल्या, "आई, काय चुकलं आमचं? लेकराची हळद कशी नीट व्हईल ते सांग!"

उपाय मला ठाऊक होता. आम्लारी झाली तर त्यात आम्ल घालायचं, म्हणजे हळद परत पिवळी. नववीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. घरात आम्ल कोणतं? मी जीव तोडून ओरडले, "लिंबू आणा! लिंबू!"

आता मला जर कुणी आधी विचारलं असतं, तर मी चिंच मागितली असती, ताक मागितलं असतं. पण त्या घडीला लिंबूच आठवलं. सगळ्या मांडवानं एकमेकांकडे पाहून मान हलवली. देवीनं लिंबू मागितलं, आता शंकाच उरली नाही! तनू गर्दीतून पुढे येऊन सांगत होती, "अहो, हे उदासिनीकरण आहे, रासायनिक अभिक्रिया आहे!" तिला एका आत्यानं दंडाला धरून मागे ओढलं. "गप गं, देवीच्या मधी बोलू नुको!"

सरबतासाठी आणलेली लिंबांची टोपलीच्या टोपली माझ्यापुढे आली. मी एकेक कापून पिळायला लागले. हळदीचा लाल रंग फिकटला, केशरी झाला, आणि बघता बघता पिवळाधमक! मांडवात एकच गलका. लोकांनी हात जोडले, भागाबाईनं नारळ फोडला, बँजोवाल्यानं न सांगता जोरात ठेका धरला. मी मात्र पिळतच होते. लिंबू किती घालायचं ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि मी अर्धवट काम करणारी बाई नव्हे. टोपलीचा तळ दिसल्यावरच थांबले.

त्याचा परिणाम पहिला वाडगा निलेशच्या गालाला लागल्यावर कळला. सकाळी केलेली दाढी, तिचे चिरे, आणि त्यावर टोपलीभर लिंबांचा रस! निलेश "आईऽऽ गं!" करून पाटावरून हातभर उडाला. बँजो जोरात होता, त्यामुळे लोकांना वाटलं नवरदेव नाचतोय. त्याच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतला आणि वाडग्यात राहिलेली हळदही त्याच्या तोंडाला फासली. तो जितका विव्हळला तितक्या शिट्ट्या वाजल्या. आमच्या गावात एवढा नाचलेला नवरदेव आजवर कुणी पाहिला नव्हता.

उष्टी हळद खालापूरला न्यायची वेळ झाली. भागाबाईनं हुकूम सोडला, "देवी संगट जाईल." झालं! कपाळावर कुंकवाचा मळवट, केस मोकळे, मांडीवर हळदीचं तबक, अशी मी आमच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसले. टेंपो चालवायला आमचे हे. पळसदरी मागं पडेपर्यंत ते तिरप्या डोळ्यांनी माझ्याकडे चोरून बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "वारा लागत नाय ना? काच लावू का... तुम्हाला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा मला हे अहोजाहो करत होते! मला हसू आवरेना.

"अहो, देवीबिवी काय नाय. माजी चुन्याची निवळी पडली हळदीत. ती आम्लारी. मी लिंबाचं आम्ल घातलं. रसायनशास्त्र हाय ते!"

"हो हो," यांनी घाईघाईनं हात जोडले. स्टिअरिंग सोडून! "तुम्ही म्हनाल तसं."

खालापूरला आमच्या आधी फोन पोचला होता. फाटकाशी अर्धं गाव उभं. आणि सगळ्यांत पुढे रेश्माची आजी, हातात पंचारती! घराण्यात दम नाही म्हणणारी ती म्हातारी वाकून माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजीच्या वयाच्या बाईला पाया पडायला लावायचं म्हणजे काय! मी तिला धरून उठवलं आणि ठरवलं, आता खरं सांगायचं, मग जे व्हायचं ते होवो.

"आजी, तुमच्या गळ्याशपथ सांगते. त्यो चुना होता हो हळदीत. मीच घोळ घातलाय."

आजी कौतुकानं हसली आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "बघा! खरी देवी आशीच बोलते. सवताचं नाव घेऊन देत नाय. जिथं देवी बोलते त्या घरात माजी रेश्मा पडली, माजी काळजी मिटली गं बाय!"

तिचे डोळे भरून आले होते. नंदावैनींना जे हवं होतं ते सगळं मिळालं. मला जे हवं होतं, ते सोडून!

तबक रेश्मापुढे ठेवलं. पहिली हळद मलाच लावायला सांगितली. मी वाकले, तर रेश्मानं बोटावर थोडी हळद घेतली, नाकाशी नेली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "काकू, निवळी होती ना?"

मी तिचा हातच धरला. "तुला कसं कळलं गं?"

"मी कंपनीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर हेच करते. तुम्ही लिंबू मागितलंत असं फोनवर कळल्याचं आजीनं सांगितलं, तेव्हाच ओळखलं." मग हळूच म्हणाली, "लिंबं किती पिळलीत?"

"टोपली."

रेश्मानं ओठ दाबून हसू गिळलं. "दोन पुरली असती काकू. पण उपाय अगदी बरोबर होता. तुम्हाला रसायनशास्त्र येतं!"

काय सांगू तुम्हाला! मी तिथंच त्या पोरीला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. हे वाक्य मला माझ्या घरात, चारचौघांत हवं होतं. मिळालं ते परक्या अंगणात, कुजबुजत, आणि तेही मळवट भरलेल्या कपाळानं. पण मिळालं! मागे बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघ, देवी नवरीला आशीर्वाद देतेय."

सोमवारी प्रात्यक्षिक झकास झालं. मी फुंकलं, निवळी दुधाळ झाली, परीक्षक खूश. पण बाहेर आले तर शाळेच्या फाटकाशी गावातल्या बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात एकेक लिंबू! आमच्या वाडीतली यंदा दहावीला बसलेली सगळी पोरं त्यांनी ओळीनं उभी केली होती. "संगे, निस्ता हात लाव गं लिंबाला. पोरगं विज्ञानात गचकतंय." मी समजावलं, ओरडले, आम्ल म्हणजे काय ते सांगितलं. शेवटी वैतागून सगळ्या लिंबांना हात लावला आणि अभ्यासाला बसले. वाद घालण्यात सगळी धातूंची माहिती विसरायला झाली होती.

मार्चमध्ये विज्ञानाचा पेपर हातात आला. मी अधाशासारखा वाचला. हळदीवर एक प्रश्न नाही! लिंबावर नाही, निवळीवर नाही. सगळं धातू, कार्बन आणि ती मेली आवर्तसारणी. मी शेवटपर्यंत वाट पाहिली, की मागच्या पानावर तरी हळद निघेल.

निकाल लागला. माझे बाकी सगळे विषय सुटले. आमच्या वाडीतली झाडून सगळी पोरं विज्ञानात पास झाली, तनू तर केंद्रात दुसरी आली. विज्ञानात एकच जण नापास झालं. ज्यानं सगळ्यांच्या लिंबांना हात लावला होता, ते!

नंदावैनींनी मला जवळ घेतलं, आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "रडू नुको गं संगे. आपला अंगारा आपल्याला लागत नसतो."

मग मी जुलैच्या परीक्षेला परत बसले. रेश्मा तोवर आमच्या घरची सून झालेली, तिनं रोज संध्याकाळी माझी आवर्तसारणी पाठ करून घेतली, चुकले की रागवायची सुद्धा. आणि जुलैत मी पास झाले! विज्ञानासकट! हे पेढे घेऊन आले, गावभर वाटले, आणि घरी आल्यावर हळूच मला विचारलं, "खरं सांगा हां. पेपरला जाताना लिंबू नेलं हुतंत का?"

मी ताठ मानेनं म्हटलं, "छे! मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे."

(नेली होती. दोन. रेश्मा म्हणालीच होती, दोन पुरतात.)